सोपारा ते शिरगाव: अवशेष पाहण्याचा एक दिवस

कैरोहून एका दिवसात पिरॅमिड दाखवून आणणारे वाटाडे पुष्कळ आहेत. त्यांतला जाणता वाटाड्या पाहुण्यांना थेट गिझाला नेत नाही. तो सकाळी सक्कारा गाठतो. इम्होतेपने जोसेर राजासाठी एकावर एक चौथरे चढवून उभारलेला पायऱ्यांचा पिरॅमिड तिथे आहे. मग दहशूर. तिथे स्नेफ्रू राजाचा अर्ध्यावर उताराचा कोन बदललेला पिरॅमिड आहे, आणि त्याच राजाचा सरळ उतारांचा लालसर पिरॅमिडही. गिझाचा खुफूचा पिरॅमिड सगळ्यांत शेवटी. जोसेरपासून खुफूपर्यंत साधारण शंभर वर्षं गेली. या क्रमाने पाहिलं की दगड रचणारी माणसं कुठे अडली आणि त्यातून काय शिकली, हे डोळ्यांसमोर उलगडत जातं. क्रम उलटा झाला तर गिझानंतरचं सगळं फिकं वाटतं.

पालघर, बोईसर, तारापूर भागात राहणाऱ्यांना हाच क्रम आपल्या जिल्ह्यात लावता येतो, आणि भूगोल त्याला साथ देतो. आपल्या वाटेवरचा सर्वांत जुना अवशेष, सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप, दक्षिणेला नालासोपाऱ्यात आहे. तिथून घराकडे परत येताना माहीम लागतं, मग केळवे आणि शिरगाव. म्हणजे सकाळी लांबचं टोक गाठायचं आणि काळाबरोबर पुढे सरकत संध्याकाळी घरी पोहोचायचं. दोन हजार वर्षांच्या आसपासचा पल्ला एका दिवसात, लोकल आणि रिक्षाने होतो.

एक गोष्ट आधीच ठरवा: वसईचा किल्ला या दिवसात घ्यायचा नाही. तो सोपाऱ्याजवळ आहे, म्हणून मोह होतो. पण १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती आलेलं आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी जिंकलेलं ते एक आख्खं शहर आहे. चर्च, मठ, न्यायालय, तुरुंग, धक्का, सगळं तटबंदीच्या आत. त्याला स्वतंत्र दिवस द्यायलाच हवा. तासाभरात वसई उरकणारी मंडळी दोन दरवाजे आणि एक पडकं चर्च पाहून परत येतात. ते पाहणं नव्हे.

दिवस कोणता निवडायचा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. मे महिन्यात स्तूपाभोवती आणि किल्ल्यांच्या तटावर उभं राहवत नाही. पावसाळ्यात तटावर गवत माजतं, पायऱ्या शेवाळतात, आणि केळव्याचा समुद्र तर त्या दिवसांत लांबूनच पाहावा.

महिना ठरला की तिथी पाहा. केळव्याचा पाणकोट खाडीच्या तोंडाशी पाण्यात उभा आहे आणि चालत जायचं तर पूर्ण ओहोटी लागते. किनाऱ्यावरची मंडळी यासाठी एक सोपा हिशेब करतात. प्रतिपदेपासून मोजलेल्या तिथीची पाऊणपट करायची. येईल तो साधारण पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. तिच्या सव्वासहा तास आधी आणि नंतर ओहोटी. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हिशेब एकच.

आता हा हिशेब आपल्या दिवसाला लावून पाहू. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी दुपारी सव्वाबाराला. वेळ सोयीची दिसते, पण ते दिवस भांगाचे असतात आणि भांगात पाणी फारसं मागे हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी खूप आटतं, पण ओहोटी साडेपाचच्या सुमाराला येते आणि थंडीच्या दिवसांत तोवर उजेड जायला लागतो. मधला मार्ग द्वादशी ते चतुर्दशी. द्वादशीला ओहोटी सव्वातीनला, त्रयोदशीला चारला, चतुर्दशीला पावणेपाचला. या तीन तिथींपैकी एखादी शनिवारी-रविवारी येत असेल तर तो दिवस धरा. हिशेब ढोबळ आहे हे विसरू नका. आदल्या दिवशी छापील वेळापत्रकाशी तो ताडून पाहा, आणि तिथे पोहोचल्यावर केळव्याच्या कोळी बांधवांना विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नका. त्यांचा शब्द अखेरचा.

वाटाड्या

हे सगळं वाटाड्याशिवाय पाहता येईल का? येईल. पण माझा आग्रह आहे की निदान पहिल्यांदा जाणकार माणूस सोबत घ्या. गिझाचा पिरॅमिड कुणी काही सांगितलं नाही तरी छाती दडपून टाकतो. सोपाऱ्याचा स्तूप तसा नाही. तो विटांचा एक बुटका, गवताळलेला उंचवटा आहे. न सांगता पाहणारा माणूस दहा मिनिटांत परत फिरतो. आपल्याकडचे अवशेष सांगावे लागतात आणि सांगणारा चांगला असला तर ते जगातल्या कुठल्याही स्थळाच्या तोडीचे ठरतात.

असा माणूस कुठे शोधायचा? महाविद्यालयातल्या इतिहास विभागात विचारा. ‘किल्ले वसई मोहीम’सारखे दुर्गप्रेमींचे गट या भागातल्या किल्ल्यांवर सफाई आणि अभ्यासफेऱ्या करत आले आहेत, त्यांच्याकडे चौकशी करा. गावातले निवृत्त शिक्षक हाही मोठा ठेवा असतो. माणूस ठरवण्याआधी त्याला दोन प्रश्न विचारा: सोपाऱ्याच्या पेटीत काय सापडलं, आणि शिरगावचा किल्ला मराठ्यांनी कोणत्या मोहिमेत घेतला? पहिल्याचं उत्तर वस्तू मोजून देणारा आणि दुसऱ्याचं सन सांगून देणारा माणूस घ्या. भुयारं आणि पुरलेला खजिना यांवरच भर देणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. मानधन आधी ठरवा आणि ते नीट द्या. अभ्यास करून दिवसभर उन्हात बोलणाऱ्या माणसाला नुसतं जेवण घालून निरोप देण्याची आपली सवय चांगली नाही.

गट पंधरा-वीसांहून मोठा नको. त्यापुढे मागच्याला ऐकू येत नाही.

वाटाड्या मिळालाच नाही तर घरी तयारी करा. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या जुन्या मुंबई गॅझेटियरचा चौदावा खंड १८८२ चा आहे आणि त्यात ठाणे जिल्ह्यातल्या स्थळांची गावनिहाय माहिती आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, त्यामुळे आपली सगळी गावं त्यात ठाण्याखाली सापडतात. सोपारा, माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर या नोंदी वाचून निघालात तरी निम्मं काम झालं.

सोपारा: सकाळचे दोन तास

बोईसर किंवा पालघरहून पहाटेची गाडी धरा, गरज पडली तर विरारला बदला आणि नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरा. रविवारी गर्दी कमी असते. रिक्षावाल्याला सोपारा गावातला बौद्ध स्तूप म्हणून सांगा. जुन्या कागदांत या जागेचं नाव ‘बुरुड राजाचा कोट’ असं येतं. आठच्या आत पोहोचलात तर ऊन कोवळं असतं आणि आवाज कमी.

आत शिरल्यावर लगेच सांगायला सुरुवात करू नका. आधी एक प्रदक्षिणा शांतपणे घाला. विटा पाहा, त्यांचा आकार आपल्या आजच्या विटेशी ताडून पाहा. आवारातले कोरीव दगड पाहा. हे स्थळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि बौद्ध बांधवांचं श्रद्धास्थानही आहे. बुद्धपौर्णिमेला इथे लोक वंदनेला येतात. तेव्हा स्तूपावर चढणं, त्यावर बसून डबा उघडणं, मुलांना उड्या मारू देणं हे कटाक्षाने टाळा.

मग सावलीला बसा आणि १८८२ च्या एप्रिल महिन्याची हकीकत ऐका. जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा उंचवटा तेव्हा मधोमध खणला. कॅम्पबेलही त्या वेळी इथे होते. विटांच्या पोटात दगडाची एक मोठी, झाकणाची पेटी लागली. पेटीच्या मध्यभागी तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती बुद्धाच्या आठ छोट्या धातुमूर्ती वर्तुळात बसवलेल्या. सात पूर्वीचे बुद्ध आणि आठवा पुढे येणारा मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा, स्फटिकाच्यात सोन्याचा. आणि सगळ्यांत आत, सोन्याच्या फुलांबरोबर, मातीच्या भांड्याचे इवलेसे तेरा तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून कुणीतरी ते इतक्या जपणुकीने ठेवले होते.

इथे इजिप्तची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. चाळीस वर्षांनी, १९२२ मध्ये, हॉवर्ड कार्टरला तूतनखामेनचं थडगं सापडलं. तिथेही एकात एक शवपेट्या होत्या, आणि सर्वांत आतली शंभर किलोंहून अधिक वजनाची, भरीव सोन्याची. राजाच्या देहासाठी सोनं. सोपाऱ्यातही सोनं होतं, पण ते वेष्टण म्हणून; जपायची वस्तू होती भाजलेल्या मातीची. मुलांना ही दोन्ही चित्रं एकापाठोपाठ सांगा आणि त्यांना काय वाटतं ते विचारा. मोठ्यांनी मध्ये बोलू नये.

करंडकांबरोबर सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही मिळालं. ते दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धाकडे बोट दाखवतं. मूर्ती मात्र त्याहून बऱ्याच नंतरच्या, आठव्या-नवव्या शतकातल्या मानतात. म्हणजे ही पेटी मध्ये कधीतरी उघडली गेली, तिच्यात भर पडली आणि ती पुन्हा बंद झाली. एका स्तूपाशी लोकांचं नातं शेकडो वर्षं टिकलं होतं, याचा हा पुरावा.

नाण्यावरून आणखी पुढे जाता येतं. पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहितीपुस्तिका लिहिली, ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. भडोचच्या दक्षिणेला असलेल्या बंदरांत तो ‘सुप्पारा’ आणि ‘कल्लिएना’, म्हणजे सोपारा आणि कल्याण, यांची नावं देतो. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके आणि म्यूस होर्मोस या इजिप्शियन बंदरांतून जुलैच्या सुमाराला जहाजं सुटत आणि मोसमी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागत. याच बेरेनिकेत पोलंड आणि अमेरिकेच्या पथकाला २०२२ मध्ये इसिस देवीच्या मंदिराच्या आवारात संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाली. त्याच मंदिरात संस्कृत शिलालेख आणि सातवाहनांची दोन नाणीही मिळाली. त्याआधी तिथे भारतीय काळ्या मिऱ्यांनी भरलेला रांजण आणि आपल्याकडचं सागवान सापडलं होतं. तेव्हा सोपाऱ्यात उभं राहून इजिप्तचं नाव घेणं ही ओढाताण नाही. फराओंचे पिरॅमिड त्या काळीही दोन-अडीच हजार वर्षांचे जुने होते, आणि ते पाहिलेल्या खलाशांपैकी काही जण या खाडीत उतरले असणं अगदी शक्य आहे.

खाडी कुठे आहे, असं कुणीतरी विचारेलच. ती गाळाने भरली. दहाव्या शतकातले अरब लेखक ‘सुबारा’ असा उल्लेख करतात. चौदाव्या शतकात जॉर्डानस नावाचा डोमिनिकन पाद्री इथे होता. पुढे मोठी जहाजं वसईकडे वळली. उरलेली तळी आणि सखल जागा इमारतींच्या दाटीतही वाटाड्या दाखवू शकतो. वेळ असेल तर चक्रेश्वर तळ्याकाठचं देऊळ पाहा. तिथे ब्रह्मदेवाची मोठी उभी मूर्ती आहे, आणि अशी मूर्ती सहजी पाहायला मिळत नाही.

सोपाऱ्याचं आणखी एक धन आता मुंबईत आहे. अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा भगवानलालांना १८८२ मध्येच इथल्या भातेला तळ्याजवळ मिळाला, आणि नवव्याचा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात. यांतलं आठवं शासन सहलीला निघालेल्या माणसाने मुद्दाम समजून घ्यावं असं आहे. पूर्वीचे राजे मौजेच्या सहलींना आणि शिकारीला निघत. अशोक सांगतो की राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी त्याने बोधिवृक्षाची वाट धरली आणि तेव्हापासून त्याच्या प्रवासाचा हेतू बदलला. श्रमण-ब्राह्मणांच्या भेटी, वृद्धांना दान, आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटून त्यांच्याशी धर्मावर बोलणं. शेवटचं कलम आपल्यालाही पाळता येण्यासारखं आहे. स्तूपाशेजारी राहणाऱ्या लोकांशी बोला. त्यांच्या लहानपणी ही जागा कशी होती, ते विचारा.

साडेदहापर्यंत तिथून निघा. विरारहून डहाणूकडे जाणाऱ्या गाड्यांमध्ये दिवसा मोठं अंतर असतं. एक गाडी चुकली तर ओहोटीही चुकेल. म्हणून परतीची गाडी आदल्या रात्रीच पाहून ठेवा आणि सगळ्यांना तिची वेळ सांगून ठेवा.

माहीम आणि दुपारचं जेवण

पालघरला उतरा. तिथून माहीमकडे रिक्षा आणि एस.टी. दोन्ही मिळतात. स्वतःचं वाहन असेल तर ते सकाळी पालघर स्थानकाजवळ ठेवून लोकलने सोपाऱ्याला जाणं मला अधिक पटतं. महामार्गावरच्या कोंडीत दिवसाचा जीव जातो.

माहीममध्ये दगडांपेक्षा ऐकायचं जास्त आहे. ‘महिकावतीची बखर’ याच परिसराची. बिंब राजा, त्याच्याबरोबर आलेली कुळं, त्यांना दिलेली गावं, पुढचे सत्ताबदल हे सगळं तिच्यात येतं. तिचा काही भाग केशवाचार्याने शके १३७०, म्हणजे १४४८ मध्ये रचला, आणि वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ मध्ये छापून लोकांसमोर आणली. गावात महिकावती देवीचं देऊळ आहे आणि वस्तीतच पोर्तुगीज काळाचा छोटा किल्ला आहे. किल्ल्याला अर्धा तास पुरे. पण बखरेतल्या गावांची नावं वाचून दाखवणारा कुणी सोबत असेल तर त्या अर्ध्या तासाचं मोल वाढतं, कारण त्यांतल्या कित्येक नावांवर आजही रिक्षा थांबते.

पानवेलीच्या वाड्या याच पट्ट्यात आहेत. केळवे-माहीमचं पान लांबवर नावाजलेलं. वाडीत शिरायचं तर मालकाला विचारून शिरा.

जेवणासाठी आदल्या दिवशी केळव्यातल्या एखाद्या घरगुती खानावळीत सांगून ठेवा. न सांगता पंधरा माणसं जाऊन उभी राहिली की तासभर तिथेच जातो. शाकाहारी मंडळींनी थंडीत उकडहंडीची चौकशी करावी. मासे खाणाऱ्यांना काही सांगायची गरज नाही, सातपाटी जवळ आहे. पोटभर जेवून लगेच चिखलात चालायचं आहे एवढं ध्यानात असू द्या.

केळवे: पाण्यातला आणि वाळूतला किल्ला

इथे दोन किल्ले आहेत. सुरूच्या बनात, किनाऱ्यालगत, एक छोटा भुईकोट आहे. तो वाळूत गाडला गेला होता आणि स्वयंसेवकांनी घाम गाळून मोकळा केला. त्याच्या तटाला हात लावण्याआधी एवढं आठवा. दुसरा पाणकोट. लांबून तो एखाद्या नांगरलेल्या जहाजासारखा दिसतो. किनाऱ्यावरच्या किल्ल्यांच्या या साखळीचं काम खाडीच्या तोंडावर नजर ठेवण्याचं होतं. कुठला पडाव आत शिरतो, कुणाला परवाना आहे, हे इथून कळे.

पाणकोटाकडे निघायचं ते ओहोटीच्या सुमारे दीड तास आधी. ओहोटी पूर्ण झाली की परतीला लागायचं. पाणी वळलं की ते समोरून येत नाही, आधी बाजूच्या वळातून भरतं आणि मागची वाट तोडतं. म्हणून ‘अजून एक फोटो’ म्हणणाऱ्याला ओढून आणण्याचं काम एका खमक्या माणसाकडे सोपवा. पायात जुने, बंद, नीट बांधता येणारे बूट हवेत. चपला चिखलात राहतात, आणि खडकांवरच्या कालवांची धार अनवाणी तळवा फाडते. लहान मुलं, गुडघे दुखणारे आणि गर्भवती यांनी किनाऱ्यावर थांबावं. कोळी बांधव होडीने न्यायला तयार असतील तर ते सगळ्यांत उत्तम. पाणी नीट आटलेलं नसेल, वारा असेल, किंवा स्थानिक माणसाने नको म्हटलं, तर पाणकोट काठावरूनच पाहायचा. यावर चर्चा नको. केळव्याच्या पाण्याने आजवर अनेक घरांतली मुलं नेली आहेत.

शिरगाव

उजेड असतानाच शिरगावला पोहोचा. आजच्या वाटेवरचा हा सर्वांत धड उभा असलेला किल्ला. तट उंच आहे, फांजीवरून चालता येतं, आणि बुरुजावरचा छत्रीसारखा मनोरा उतरत्या उन्हात फार देखणा दिसतो. इथे मुलांना प्रश्न देऊन सोडा: दरवाजातून आत येणाऱ्या शत्रूवर कुठकुठून गोळी झाडता येईल? जंग्या, म्हणजे गोळी झाडायची छिद्रं, कोणत्या दिशेला तोंड करून आहेत? पाणी कुठून मिळत होतं? किल्ला लहान असल्यामुळे उत्तरं त्यांना स्वतः सापडतात. मोठ्या किल्ल्यावर हे जमत नाही.

हकीकत थोडक्यात अशी. पोर्तुगीजांविरुद्धची मराठ्यांची मोहीम १७३७ मध्ये ठाणे-साष्टीपासून सुरू झाली. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजांनी आपल्या या किनारपट्टीवर जोर केला आणि माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर, डहाणू ही ठाणी एकामागून एक पडली. उत्तरेचा पाठिंबा असा तुटल्यावर वसईचा वेढा आवळला गेला. शाळेच्या पुस्तकात वसईचा विजय असतो, पण त्याची जमीन आपल्या गावांत तयार झाली होती.

आणि आता माझ्या आवडीची गोष्ट. या किल्ल्यात फांद्या फुटलेला ताड आहे. ताडामाडांच्या कुळात शेंड्याला एकच कोंब असतो, तो मेला की झाड मेलं. या जातीचा मात्र शेंडा पुन्हा पुन्हा दुभंगतो आणि एका खोडाला अनेक माथी येतात. काही जण याला रावणताड म्हणतात. हायफेनी हे त्याच्या वंशाचं शास्त्रीय नाव. त्याचा सख्खा भाऊबंद म्हणजे इजिप्तमधला दूम ताड. त्याच्या शास्त्रीय नावात थेबिस, म्हणजे आजच्या लक्सरचं प्राचीन शहर, अजूनही आहे. प्राचीन इजिप्शियनांना हे झाड पवित्र होतं, आणि त्याची फळं राजांच्या थडग्यांत ठेवलेली सापडली आहेत, तूतनखामेनच्याही. आपल्याकडे ही झाडं थोडी उरली आहेत. खोडावर नाव कोरू नका, फळ दिसलं तर तिथेच राहू द्या.

अंधार पडण्याआधी किल्ल्याबाहेर पडा आणि पालघर स्थानक गाठा.

तारापूर वेगळ्या दिवशी

बोईसरकरांना वाटेल, तारापूर तर घरचंच, ते का वगळलं? वगळलेलं नाही, राखून ठेवलं आहे. तारापूरचा किल्ला खासगी मालकीचा आहे, आत वाडी आहे. आधी परवानगी मागून, मोजक्या माणसांनी, मालकाच्या सोयीने जायचं. दिवसभराच्या दगदगीत शेवटी जाऊन दार ठोठावणं बरं नव्हे. १७३९ च्या जानेवारीत या किल्ल्यावर मराठ्यांनी केलेल्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर मारले गेले. बाजीराव पेशव्यांच्या अत्यंत जवळचा हा सरदार. देशातलं पहिलं अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये याच गावाच्या नावाने सुरू झालं, आणि त्यामुळे तारापूर म्हटलं की पुढचं सगळं आठवतं, मागचं नाही. एखाद्या रविवारी संध्याकाळी चिंचणीच्या किनाऱ्याला जोडून दोन तास काढा, ते पुरतात.

चिंचणीला गेलात की ताम्रपटांची गोष्ट जरूर सांगा. इथे मिळालेल्या ताम्रपटांतला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८ चा, म्हणजे ९२६ चा आहे. त्यात संयान, म्हणजे आजच्या संजाण, प्रांताच्या कारभाऱ्याचं नाव येतं: मधुमती. हा ताजिक होता, म्हणजे अरबी-मुस्लिम. अभ्यासकांनी त्याचं नाव मोहम्मद असं लावलं आहे. त्याने नदीवर मोफत नावा चालवल्या, अन्नछत्र घातलं, आणि त्याच्या संमतीने एका मठाला जमीन मिळाली. हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या किनाऱ्यावरच्या कारभाराचा एवढा तपशील दुसरीकडे सहज मिळत नाही. दाखवायला जागेवर काही नसलं तरी ही गोष्ट चिंचणीतच सांगावी.

असाच एक दिवस मुंबईसाठीही राखा. सोपाऱ्याचे करंडक तिथल्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत, आणि अशोकाच्या शासनासाठी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठावं लागेल. दोन्ही ठिकाणं फोर्ट भागात एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. करंडक पाहायला मिळतील का, याची आधी चौकशी करा. ही भेट सोपाऱ्याला जाऊन आल्यानंतरच ठेवा. उंचवटा पाहिलेल्या डोळ्यांना त्या लहानशा वस्तू वेगळ्या दिसतात.

आता शेवटचं, कामाचं. सोपाऱ्यात, माहीमच्या वाडीत किंवा एखाद्या किल्ल्याच्या पायथ्याशी तुम्हाला खापरी, नाणं, कोरलेला दगड दिसेल. संरक्षित स्थळावरून काहीही उचलणं १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. जागेचा आणि वस्तूचा फोटो घ्या, शेजारी मापासाठी पेन ठेवा, वस्तू जिथे आहे तिथेच राहू द्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. स्वतःच्या शेतात नांगरताना तांब्याचा पत्रा, नाणी किंवा मूर्ती निघाली तर ती घासूनपुसून चकचकीत करू नका आणि सोनाराकडे नेऊ नका. १८७८ चा निखात निधी कायदा जिल्हाधिकाऱ्यांना खबर द्यायला सांगतो. तलाठ्याला सांगितलंत तरी सुरुवात होते. गावच्या देवळाबाहेर शेंदूर लावून ठेवलेला वीरगळ किंवा शिलाहारकाळचा गधेगळ असेल तर त्याचीही नोंद करा: गाव, जागा, लांबी-रुंदी, त्यावर काय कोरलं आहे, आणि त्याच्याबद्दल गावातलं सगळ्यांत म्हातारं माणूस काय सांगतं.